नऊ नंबरची हाक

२ फेब्रुवारी, सोमवार

आज डब्या लागल्या. चोवीस खोल्या, चोवीस डब्या आणि चोवीस म्हाताऱ्या गळ्यांत चोवीस बटणं. वीस वर्षं मी जे फळ्यावर सिद्ध करत आलो, ते आज पहिल्यांदा भिंतीला स्क्रूने बसलं. सोल्डरबाई स्टुलावर चढून स्क्रू पिळत होती आणि मी खाली उभा राहून स्टूल धरत होतो. कामाची वाटणी एकदम बरोबर आहे.

(सोल्डरबाई म्हणजे माझी जुनी विद्यार्थिनी आणि आता भागीदार. डब्या ती बनवते, डब्यांनी कसं वागायचं ते मी ठरवतो. हे नाव मी ठेवलं. आठवडाभर चिडली, मग स्वतःच्या चहाच्या कपावर तेच लिहून घेतलं.)

पुढे कधी ही वही वाचली तर कळावं म्हणून लिहून ठेवतो. कुणी बटण दाबलं की त्या खोलीतली डबी निरोप धरून ठेवते आणि बिनतारी लहरींनी सेविकेच्या टेबलावर पोचवते, तिथे दिवा लागतो. दोन डब्या एकदम बोलल्या तर दोघींचं बोलणं वाया जातं, म्हणून डबी आधी ऐकते. हवेत शांतता असेल तरच बोलते, नसेल तर गप्प बसून पुन्हा ऐकते. कुणी कधी बोलायचं हे सांगायला मधे कुणी साहेब नाही. प्रत्येक डबी आपलं आपण ठरवते. जिच्याकडे साठलेल्या निरोपांची रांग लांब, तिने जास्त हट्टाने बोलायचं, एवढाच माझा नियम. या नियमाने कुठलीच रांग वाढत वाढत हाताबाहेर जात नाही, हे मी सिद्ध केलंय. त्यावरच मला डॉक्टर म्हणतात, इंजेक्शन न देणारा.

कॉलेजची नोकरी एक्कावन्नाव्या वर्षी सोडली तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. या वृद्धनिवासाच्या व्यवस्थापिकाबाईंनी काढलं नाही. ओळख ना पाळख, तरी म्हणाल्या, "सहा आठवडे लावून बघा. जुन्या घंटांच्या वायरी ओलीने सडल्यात, दर आठवड्याला एक मुकी होते. तुमचं नीट चाललं तर सोळा मार्चला त्या काढूनच टाकते." म्हणजे सोळा मार्चनंतर या मजल्यावर पडलेल्या माणसाला हाक मारायला आमच्या डबीशिवाय काही नसेल. बाईंचे उपकार विसरणार नाही.

मावशीची खोली नऊ नंबर. कॉरिडॉर जिथे काटकोनात वळतो तिथली कोपऱ्यावरची, दोन खिडक्यांची. हातापाया पडून मीच तिला मिळवून दिली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मावशीने गादीखालची पट्टी काढून टाकायला लावली. प्रत्येक पलंगाला अशी पट्टी आहे. ती श्वास आणि नाडी मोजते आणि सकाळपासूनचे आकडे दुपारी दोनला आमच्या डबीतून पाठवते, कारण तीनला डॉक्टर फेरीला येतात. मावशी म्हणाली, "माझा श्वास मी मोजीन. तू तुझं बटण तेवढं ठेव."

मग डबीची उलटतपासणी सुरू. चौतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढलीत तिने, सोडते थोडीच!

"आमच्याकडे बोर्डासमोर खुर्चीवर बाई बसायची. कोण किती वेळ ताटकळलंय ते तिला दिसायचं. तुझ्या खुर्चीवर कोण बसलंय?"

"कुणीच नाही. तीच तर गंमत आहे. डब्या आपापसात समजून घेतात."

"म्हणजे बळी तो कान पिळी."

"तसं नाही गं. ज्याची रांग लांब त्याला जास्त हक्क."

"आणि ज्याचं एकच काम आहे, पण तातडीचं?"

मी म्हटलं, त्याचाही नंबर लागतोच, सिद्धता आहे. "बरं," म्हणाली. "तू शिकलेला आहेस." हे वाक्य ती मी दहा वर्षांचा असल्यापासून म्हणते. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. पहाटेची पाळी करून यायची आणि मला शाळेत सोडून मग झोपायची. आज जे काही आहे ते त्या झोपमोडीवर उभं आहे. एवढं मोठं वाक्य तिच्यासमोर बोललो तर फटका मिळेल, म्हणून इथे लिहिलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

मावशीची तक्रार. "तुझी घंटा सुस्त आहे रे. काल जेवणानंतर दाबली, तर बया चार मिनिटांनी उगवली."

तिथेच लॅपटॉप उघडून दाखवलं. नऊ नंबर, काल दुपार, निरोप पोचायला लागलेला वेळ दोन सेकंद. सगळ्या मजल्याची सरासरीही दोनच सेकंद. म्हटलं, सेविकेला यायला वेळ लागला असेल. सेविकेला विचारलं तर ती बिचारी रडवेली झाली. "टेबलावर दिवा लागला तशी उठले हो दादा." मग राहिलं घड्याळ. मावशीचं भिंतीवरचं घड्याळ काढलं, सेल बदलले, माझ्या फोनला लावून सेकंदाला सेकंद जुळवून दिलं.

मावशी बघत होती. म्हणाली, "घड्याळ बरोबर होतं." मी म्हटलं, आता अजून बरोबर आहे. हसली. म्हातारं माणूस आहे, दुपारचा वेळ जात नाही, मिनिटाची चार होतात. चिडून काय उपयोग?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

फार चांगला दिवस. दुपारी दोन ते अडीच व्यवस्थापिकाबाईंच्या ऑफिसात आलेख दाखवला. पंधरा दिवसांत दोन हजारांवर निरोप, एकही हरवला नाही. दुपारी दोनला गर्दी असते, सगळ्या पट्ट्यांचे आकडे एकदम निघतात, तरी रेघ कशी सपाट! आम्ही बोलत असतानाच पडद्यावर नऊ नंबरचा दिवा लागला आणि बाजूला आकडा आला, दोन सेकंद. बाईंना म्हटलं, "बघा, ही माझी मावशी. आता एका मिनिटात सेविका तिच्या दारात असेल." बाई खूश. त्यांनी दुसरा चहा मागवला आणि त्यांच्या संस्थेच्या आणखी तीन इमारती आहेत, असं सहज सांगितलं. सहज कसलं, मी खुर्चीवरून पडायचा राहिलो.

चहाच्या नादात वर जाऊन मावशीला भेटायचं राहिलं. परवा जाईन.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मावशीच्या कोपराला आणि डाव्या गालाला निळं पडलंय. कपाटाचं दार लागलं म्हणाली. एक दार कोपराला आणि गालाला एकदम कसं लागतं, असं मी चिडवलं. म्हणाली, "दार मोठं आहे." सेविका उशीचा अभ्रा बदलत होती, ती तो अर्धवट सोडून निघून गेली. आज तिचं काहीतरी बिनसलं असावं.

"आता घंटा कशी आहे?" विचारलं.

"छान आहे. चांगली आहे. तुझं कसं चाललंय ते सांग."

तीन इमारतींचं सांगितलं. किती आनंद झाला तिला! माझा हात हातात घेऊन बराच वेळ बसली. एवढा वेळ ती माझा हात धरत नाही कधी. घरी येताना वाटलं, माणसाला आणखी काय पाहिजे?

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आठवड्याचे आकडे काढले. नऊ नंबर: दाबलेली बटणं शून्य, थांबणं शून्य. सगळ्यात जास्त कुरकुर करणाऱ्या खोलीची कुरकुर संपली. सोल्डरबाईला गमतीने म्हटलं, आदर्श ग्राहक.

बायको रविवारी मावशीला भेटून आली होती. जेवताना म्हणाली, "मावशी गप्प गप्प वाटतात. पाण्याचा तांब्या, चष्मा, औषधं, सगळं पलंगाच्या अगदी हाताशी मांडून घेतलंय. खोलीत चालायच्या पण नाहीत जास्त."

"शिस्तीची बाई आहे. एक्सचेंजची सवय," मी म्हटलं.

बायकोने पोळ्यांचा डबा पुढे ओढला. मग म्हणाली, "तुला पोळी वाढू का?" तिचेही आभार मानायला हवेत. घर एकहाती चालवतेय सहा महिने, आणि एका शब्दाने बोलून दाखवत नाही.

५ मार्च, गुरुवार

बाईंचं पत्र आलं. बारा तारखेला समितीसमोर शेवटचा अहवाल, सोळाला जुन्या वायरी काढणार. वायरवाल्याला सांगूनही झालंय. तीन इमारतींचा निर्णयही त्याच बैठकीत.

मावशीला फोन केला. "म्हणजे बारा तारखेपर्यंत का?" तिने विचारलं.

"काय बारा तारखेपर्यंत?"

"काही नाही रे. छान झालं. देव तुझं भलं करो."

तिला तारखा पाठ करायची सवयच आहे.

९ मार्च, सोमवार

क्रमाने लिहितो.

सोल्डरबाईने काल सेल तपासायला सगळ्या डब्या वर्कशॉपमध्ये आणल्या होत्या. सकाळी आलो तर ती नऊ नंबरची डबी हातात धरून बसलेली. म्हणाली, "सर, ही डबी सगळ्यात कमी बोललीय. पट्टी नाही, शेवटचे वीस दिवस बटणही नाही. मग हिचाच सेल सगळ्यात जास्त कसा उतरला?"

मी म्हटलं, खराब सेल असेल. तिने दुसरा सेल घालून बघितला, तिसरा घालून बघितला. सेलात खोट नव्हती. मग म्हणाली, "बाकीच्या डब्या बोलून झालं की झोपतात. ही जागी राहून ऐकत असणार. पण कशासाठी ऐकत होती?"

डबी ऐकते आणि हवेत कुणी बोलत असेल तर मागे हटते. किती वेळा हटली याचा आकडा सोल्डरबाईने स्वतःच्या समाधानासाठी डबीत ठेवला होता. मी तो कधी बघितलाच नव्हता. आज उघडला. दहा फेब्रुवारी, दुपारी एका निरोपासाठी सुमारे चौदाशे वेळा माघार. सतरा फेब्रुवारीला एकाच निरोपासाठी जवळजवळ चार हजार वेळा माघार. सेकंदाला साधारण सहा. मी भागाकार तीनदा केला. अकरा मिनिटं.

त्या निरोपासमोर माझ्या अहवालात दोन सेकंद लिहिलंय.

दोन्ही आकडे खरे आहेत. निरोपावर वेळेचा शिक्का कधी मारायचा हे मी ठरवलं होतं. डबीला शांतता मिळून ती बोलायला निघाली की मारायचा. वेळ अचूक पडते, डबीला काम कमी. म्हणजे रांगेत ताटकळलेला वेळ मी मोजलाच नाही. दवाखान्यात खिडकीपाशी पोचल्यावर घड्याळ लावायचं आणि म्हणायचं, आमच्याकडे दोन मिनिटांत काम होतं! शितावरून भाताची परीक्षा ठीक आहे, पण मी शिजलेलीच शितं उचलत होतो.

आणि नऊच का, तेही कळलं. कॉरिडॉरच्या एका बाजूच्या डब्यांना दुसऱ्या बाजूचं ऐकू येत नाही, मधे लिफ्टची भिंत आहे. त्यामुळे दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर वागतात. पण कोपऱ्यावरच्या नऊला दोन्हीकडचं ऐकू येतं. दुपारी दोनला ही बाजू थांबते तोवर ती बाजू बोलत असते. नऊ दोघींचा मान ठेवून गप्प बसते. तिची रांग एका निरोपाची, म्हणून तिचा हट्टही सगळ्यात कमी. हे तर मला मावशीने पाच फेब्रुवारीलाच विचारलं होतं.

वीस वर्षं सिद्ध केलं की रांग हाताबाहेर जाणार नाही. रांगेतल्या एकाला किती थांबावं लागेल हे विचारलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, आणि त्या अंधारात मी माझ्याच मावशीला बसवलं.

सतरा तारखेला तिला काय हवं होतं?

१० मार्च, मंगळवार

गेलो. दार लावून घेतलं. काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "कळलं वाटतं."

आंघोळीच्या खोलीतून येताना पाय सटकला होता. पलंग आणि कपाट यांच्या मधे पडली. जुनी घंटा पलंगाच्या उशाशी, हात पोचेना. गळ्यातलं बटण दाबलं. बटणावर लाल दिवा लागला, म्हणजे तिने ओळखलं की डबीने ऐकलंय. मग वाट बघत राहिली. दाराबाहेरून दोनदा पावलं गेली, पण ओरडायला श्वास पुरेना.

"अकरा मिनिटं," मी म्हटलं.

"हो. आमचा ट्रंक कॉल तीन मिनिटांचा असायचा. तो अजून अंगात आहे. तिसरा संपला, चौथा संपत आला तेव्हा पोरगी आली धावत. तिला काही बोलू नकोस. ती दिवा लागल्याबरोबर आली. मीच तिला शपथ घातली, तुला सांगायचं नाही म्हणून."

"आणि तू का नाही सांगितलंस?"

"तुझी परीक्षा होती."

"मावशी, मी एक्कावन्न वर्षांचा आहे."

"मग काय झालं? चार मिनिटांचं सांगितलं तर घड्याळ बदलून गेलास. अकराचं सांगितलं असतं तर मलाच बदललं असतंस." हे हसत म्हणाली. मला हसू आलं नाही. मग हळूच म्हणाली, "बारा तारखेपर्यंत दाबायचं नाही असं ठरवलं होतं. परत दाबलं, परत उशीर झाला, तर तुझ्या त्या आलेखात दिसेल. तुझ्या कागदावर माझा डाग कशाला?"

तिला कसं सांगू, आलेखात काहीच दिसलं नसतं! ती माझ्या आकड्यांना जपत वीस दिवस तांब्या हाताशी घेऊन पलंगावर बसून राहिली, आणि मी तिच्या शून्यावर खूश होतो. त्या अकरा मिनिटांत मी खालच्या मजल्यावर चहा पीत सपाट रेघ दाखवत होतो, हे मात्र सांगितलं. न सांगता राहवलं नाही.

"चहा चांगला असतो त्यांच्याकडे," ती म्हणाली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी लहान मुलासारखा रडलो. लाज वाटली नाही.

१२ मार्च, गुरुवार

काल संध्याकाळी सोल्डरबाईला म्हटलं, तीन इमारती जातील. कदाचित कंपनीही. ती तार कापत होती, मान वर न करता म्हणाली, "सर, अहवालाचं पहिलं पान मी लिहू की तुम्ही?" मी लिहिलं.

समितीत पाच माणसं. पहिलंच वाक्य वाचलं: आमच्या अहवालातले सगळे थांबण्याचे आकडे चुकीच्या ठिकाणापासून मोजलेले आहेत. दुसरं वाक्य: जुन्या वायरी काढू नका. मग अकरा मिनिटं सांगितली. मावशीला विचारूनच सांगितली.  एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे आम्ही सहा आठवडे ज्या सपाट रेघेवर माना डोलावल्या, ती..." मी म्हटलं, हो.

तीन इमारतींचा विषय पुढे ढकलला, म्हणजे गेला असंच धरतो. व्यवस्थापिकाबाई रागावतील वाटलं होतं. त्यांनी आधी फोन उचलून वायरवाल्याला थांबवलं. तो शहाणा, कामाचा उत्साही, एका बाजूच्या आठ खोल्यांच्या घंटा काल आगाऊच सोडवून गेला होता! बाई म्हणाल्या, "मग त्या नीट लागेपर्यंत दुपारी दोन ते तीन कोपऱ्यावर माणूस बसवावा लागेल. माझ्याकडे जास्तीचा माणूस नाही." मी म्हटलं, माझ्याकडे आहे. जाताना म्हणाल्या, "दुरुस्त करून परत लावणार ना? पळून नका जाऊ." यापेक्षा जास्त दया मला कुणी दाखवलेली आठवत नाही.

१८ मार्च, बुधवार

पाच दिवस झाले, दोन ते तीन मी कोपऱ्यावर खुर्ची टाकून बसतो. दर पाच मिनिटांनी आठ दारं वाजवून "सगळं ठीक?" विचारतो. चार नंबरचे आजोबा मला नवा वॉचमन समजतात. काल विचारत होते, पगार वेळेवर मिळतो का. मी म्हटलं, अजून नाही.

मावशी दारातून म्हणाली, "बसलास शेवटी खुर्चीवर."

मधल्या वेळात नवा नियम लिहितोय. जिने आत्ता बोलून घेतलं तिने, रांग कितीही लांब असो, थोडं गप्प बसायचं. रांग किती लांब आहे ते बघायचं नाही, सगळ्यात जुना निरोप किती वेळ थांबलाय ते बघायचं. बटणाची हाक कुठे अडकली की तिने एक बारीक खूण सोडायची, आणि ती ऐकणाऱ्या दोन्हीकडच्या डब्यांनी आकडे पाठवणं थांबवायचं. आणि वेळेचा शिक्का बटण दाबल्याच्या क्षणी. नवा आलेख आधीपेक्षा वाईट दिसतो. सरासरी दोनाची चार सेकंद झाली. तो मी बाईंना तसाच पाठवला.

२८ मार्च, शनिवार

नव्या डब्यांची परीक्षा. सगळ्या पट्ट्या मुद्दाम एकदम सुरू केल्या आणि मी मावशीच्या खोलीत, पलंग आणि कपाट यांच्या मधे, जमिनीवर आडवा झालो. तिथून फक्त पलंगाचे पाय आणि घड्याळाचा अर्धा भाग दिसतो. मावशी खुर्चीत मनगटी घड्याळ घेऊन बसली. "मी तू दाबल्यापासून मोजणार. तू म्हणशील तेव्हापासून नाही."

मी म्हटलं, "तूच दाब ना."

"तू दाब. तुझं यंत्र आहे."

वीस वेळा दाबलं. सगळ्यात वाईट नऊ सेकंद. विसाव्या वेळेला सेविका दारात येऊन म्हणाली, "दादा, आता उठा, मला हसू आवरत नाही." ती हसली याचं फार बरं वाटलं. सतरा फेब्रुवारीला धावत आल्याबद्दल तिला हात जोडून धन्यवाद दिले. ती म्हणाली, "अहो, माझं कामच आहे," आणि डोळे पुसत निघून गेली.

३ एप्रिल, शुक्रवार

आकडे चांगले आहेत. तेवीस खोल्यांतून हाका येतात, वेळेत पोचतात. बाई म्हणाल्या, तीन इमारतींचं पावसाळ्यानंतर बघू. हे मी मागितलंही नव्हतं.

नऊ नंबर: दाबलेली बटणं शून्य.

आता मला शून्य वाचता येतं. फोन करून "मावशी, दाबत जा गं" असं म्हणावंसं वाटतं. बायको म्हणाली, "नको. तू सांगितलंस म्हणून दाबतील, तुझ्यासाठी. परत तुझीच परीक्षा होईल ती." बरोबर आहे तिचं. मला हे सुचलं नसतं. तिला म्हटलं, तू नसतीस तर माझं काय झालं असतं? म्हणाली, "उपाशी राहिला असतास."

८ एप्रिल, बुधवार

दुपारी दोन चौदा. मी वर्कशॉपमध्ये होतो. पडद्यावर नऊचा दिवा लागला.

खुर्ची मागे पडली, ती उचललीही नाही. निवासाच्या टेबलावर फोन लावला. कुणी उचलेना. सोल्डरबाई गाडीची किल्ली घेऊन उभीच राहिली. पुन्हा लावला. सेविकेने उचलला.

"नऊ नंबर! काय झालं? पडली का?"

"काही नाही हो दादा. ऊन डोळ्यावर येत होतं. पडदा ओढायला बोलावलं होतं आजींनी."

"एवढंच?"

"एवढंच. परत येताना म्हणाल्या, दार नीट लाव."

बटण दाबल्यापासून पोचेपर्यंत तीन सेकंद. मी खाली बसलो. सोल्डरबाईने खुर्ची उचलून ठेवली आणि चहा टाकायला गेली. मी कृतज्ञ आहे. कुणाकुणाचा ते लिहायला बसलो तर वही पुरणार नाही.

दोन एकतीसला नऊचा दिवा पुन्हा लागला. या वेळी चार सेकंद. मी फोन केला नाही. दहा मिनिटांनी सेविकेचाच आला. आजींना आता अंधार वाटत होता, पडदा परत उघडून दिला, असं म्हणाली.